व्यायाम कशासाठी? सूर्यनमस्कार, योगासने आणि ताई ची यांच्या प्रसारामागील हेतूंचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

मंद व लयबद्ध हालचालींचा ताई ची हा चिनी व्यायामप्रकार आज जगभर केला जातो. लोक तो का स्वीकारतात व त्यापासून कोणते लाभ होतात, याची चर्चा बहुधा वैद्यकीय अंगानेच होते. प्रस्तुत शोधनिबंधात हाच प्रश्न इतिहासाच्या अंगाने विचारला असून महाराष्ट्रातील सूर्यनमस्कार व योगासने यांच्या विसाव्या शतकातील प्रसाराशी त्याची तुलना केली आहे. व्यायाम स्वीकारण्यामागील हेतू बदलला की व्यायामाचे रूपही बदलते आणि त्यात सहभागी होणारा समाजही बदलतो, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ताई ची, सूर्यनमस्कार, योगासने, औंध संस्थान, कैवल्यधाम, शारीरिक संस्कृती, श्रमिक शरीर.

प्रस्तावना :

साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे फिरायला निघाले, तर दोन प्रकारची माणसे भेटतात. काही माणसे पायांत बूट घालून रस्त्याच्या कडेने भरभर चालत असतात. त्यांत निवृत्त कर्मचारी, शिक्षक, व्यापारी आणि अलीकडे त्यांच्या घरच्या स्त्रियाही असतात. दुसरी माणसे डब्याची पिशवी घेऊन मजुरीच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. पहिल्यांना शरीर हलविण्यासाठी मुद्दाम वेळ काढावा लागतो, तर दुसऱ्यांना शरीराला विसावा देण्यासाठी वेळ मिळत नाही. व्यायामाचा इतिहास लिहिताना पहिल्या प्रकारच्या माणसांचाच विचार प्रामुख्याने झालेला आहे.

मोठ्या शहरांत गेल्या काही वर्षांत ताई ची या व्यायामाचे नाव परिचित झाले आहे. गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश नेत, कंबर व हात वळवीत करावयाच्या सलग हालचाली असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. त्यासाठी साधन लागत नाही, विशेष पोशाख लागत नाही आणि वयाची अटही आड येत नाही. ताई चीकडे वळणारी माणसे साधारणपणे मनःशांती, सांधेदुखी, उतारवयातील तोल आणि चार माणसांची सोबत ही कारणे सांगतात. ही कारणे आज स्वाभाविक वाटत असली, तरी शंभर वर्षांपूर्वी व्यायामाची कारणे विचारली असती तर चीनमध्ये काय किंवा महाराष्ट्रात काय, वेगळेच उत्तर मिळाले असते. हा बदल कसा घडला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. महाराष्ट्रात सूर्यनमस्कार व योगासने यांचा प्रसार कोणत्या हेतूंनी झाला, याचा आढावा घेणे.
२. ताई चीच्या इतिहासाशी त्याचे साम्य व भेद स्पष्ट करणे.
३. या व्यायामांच्या लाभांविषयी उपलब्ध झालेल्या पुराव्याचे स्वरूप तपासणे.
४. धानपट्ट्यातील श्रमिकांच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ लावणे.

बलोपासनेचा कालखंड :

महाराष्ट्रात तालमीची परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांच्या नावाशी मारुतीची उपासना व सूर्यनमस्कार जोडलेले आहेत. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. परंतु व्यायाम ही संपूर्ण समाजाने करावयाची गोष्ट आहे, हा विचार प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला. हिंदी माणूस शरीराने दुर्बळ असल्याने राज्य करण्यास अपात्र आहे, हा आरोप इंग्रजी शिक्षण घेतलेल्या वर्गाच्या कानी सतत पडत होता. या आरोपाला शरीरानेच उत्तर द्यावे, ही भावना त्यातून निर्माण झाली.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांनी आरंभी युरोपातील प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू यूजेन सँडो याच्या पद्धतीने, त्याचीच साधने वापरून व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि १९०९ साली गादीवर आल्यानंतर त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. सूर्यनमस्कारांवर त्यांनी पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली आणि स्वतः प्रात्यक्षिके करून दाखविली. १९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार स्त्रीने संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. या पुस्तकात राष्ट्राचे बळ हा विषय मागे पडून आरोग्य, तारुण्य आणि विशेषतः स्त्रियांचे आरोग्य हे विषय पुढे आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. वाचक बदलला तसा सांगावयाचा हेतूही बदलला. स्त्रियांनी सूर्यनमस्कार घालावेत हा राजेसाहेबांचा आग्रह मात्र घरापासूनच होता. त्यांच्या कुटुंबातील स्त्रियाही नियमाने नमस्कार घालीत. त्या काळाचा विचार करता ही साधी गोष्ट नव्हती.

विदर्भातही हाच प्रवाह दिसून येतो. अमरावती येथे १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था आकारास आली. तेथे कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांचे पद्धतशीर शिक्षण दिले जाऊ लागले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या संस्थेच्या पथकाने भारतीय खेळांची व व्यायामांची प्रात्यक्षिके सादर केली. परक्यांच्या भूमीवर आपल्या शरीरसंपदेचे दर्शन घडविणे हे बलोपासनेच्या कालखंडाचे शिखर मानता येईल.

या कालखंडातील व्यायामाचे एक वैशिष्ट्य नमूद करणे आवश्यक आहे. त्यात संख्येला महत्त्व होते. किती जोर मारले, किती बैठका काढल्या, किती नमस्कार घातले यावरून व्यायामाची प्रत ठरे. बळ मिळविणे हा हेतू असेल तर मोजदाद ओघानेच येते. साहजिकच हा व्यायाम तरुणांचा, मुख्यतः पुरुषांचा आणि खुराकाची सोय असलेल्यांचा राहिला.

बलोपासनेकडून चिकित्सेकडे :

या प्रवाहातूनच दुसरा प्रवाह निघाला. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) हे मूळचे बलोपासनेच्याच परंपरेतले. वडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षण घेतले आणि पुढे अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्या सहवासात ते योगाकडे वळले. परंतु योगाविषयीच्या चमत्कारकथांवर ते थांबले नाहीत. उड्डियान व नौली या क्रियांत शरीराच्या आत नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा व दाब मोजण्याच्या साधनांचा उपयोग केला. नौलीच्या वेळी आतड्यात दाब कमी होऊन पाणी वर ओढले जाते, असे त्यांना आढळले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ साली त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. एकीकडे प्रयोगशाळा आणि दुसरीकडे उपचार, असा हा मार्ग होता. १९२७ साली रक्तदाबाचा त्रास होऊ लागल्यावर महात्मा गांधींनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता.

माधवदासांचेच दुसरे शिष्य मणिभाई देसाई ऊर्फ श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोवा येथे योग संस्था स्थापन केली. तरुणपणी कुस्ती केलेल्या या गृहस्थाने योग संन्याशाच्या गुहेतून संसारी माणसाच्या घरात आणला. दोघांचेही साधक प्रामुख्याने शहरी, बैठे काम करणारे आणि अपचन, निद्रानाश, पाठदुखी अशा तक्रारींनी त्रासलेले होते. तालमीत ज्याला जागा नव्हती, अशा माणसासाठी एक नवा व्यायाम येथे घडत होता.

बेळ्ळूर येथे १९१८ साली जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार यांच्या आयुष्यात तर हा हेतू प्रत्यक्षच दिसतो. बालपणी सतत आजारी असलेला हा मुलगा प्रकृती सुधारावी म्हणून योगाकडे आला. १९३७ साली त्याला योग शिकविण्यासाठी पुण्याला पाठविण्यात आले आणि पुणे हीच त्याची कर्मभूमी झाली. १९७५ साली पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे, पट्टे, लोड अशा साधनांच्या आधारे वृद्धाला, रुग्णाला, अपंगालाही आसन करता यावे, ही अय्यंगार पद्धतीची मोठी देणगी होय. हेतू चिकित्सेचा असल्याने संख्या मागे पडली आणि त्या जागी स्थैर्य व अचूकता आली.

नागपुरात जनार्दनस्वामी यांनी योगाभ्यासी मंडळाच्या माध्यमातून आसनांचे शिक्षण विनामूल्य उपलब्ध करून दिले. पूर्व विदर्भातील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आसने पोचली, त्याचे श्रेय या चळवळीकडे जाते. शुल्क नाही, साधन नाही आणि शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवावे, ही तिची रीत होती. योगप्रसाराच्या इतिहासात या रीतीची म्हणावी तशी नोंद झालेली नाही.

ताई चीचा समांतर प्रवास :

आता चीनकडे वळू. ताई चीचा उगम वुडांग पर्वतावरील झांग सानफंग या ताओपंथी साधूपासून सांगतात, पण ती आख्यायिका आहे. इतिहासाला आधार सापडतो तो हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात, साधारणतः सतराव्या शतकापासून. त्या वेळी ही युद्धकला होती. याच गावात ती शिकलेले यांग लुचान (१७९९-१८७२) यांनी एकोणिसाव्या शतकात पेकिंग येथे ती शिकविली. दरबारी व उच्चभ्रू मंडळी त्यांचे शिष्य झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी चीनलाही ‘पूर्व आशियाचा आजारी माणूस’ म्हणून हिणविले जात होते. औंधच्या राजांना किंवा अमरावतीच्या वैद्य बंधूंना जे शल्य होते, तेच तेथील सुशिक्षितांना होते. १९१० साली शांघाय येथे जिंगवू ही व्यायाम संघटना निघाली आणि १९२८ साली नानकिंग येथे राष्ट्रीय युद्धकलांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. युद्धकलेला राष्ट्रोद्धाराचे साधन मानले गेले. त्याच सुमारास यांग लुचान यांचे नातू यांग छंगफू (१८८३-१९३६) यांनी आपल्या घराण्याच्या पद्धतीतील उड्या व झटके कमी करून ती संथ, एकसारख्या गतीची केली. त्यामुळे लढण्याची इच्छा नसलेल्या माणसालाही ती करता येऊ लागली.

१९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवरून चोवीस हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार केला. साधारणतः पाच-सहा मिनिटांत पूर्ण होणारा हा क्रम कामगार, विद्यार्थी व वृद्ध यांना शिकविता येण्याजोगा होता. आज जगात सर्वाधिक परिचित असलेली ताई ची हीच आहे. म्हणजेच ज्याला आपण प्राचीन समजतो, त्याचे प्रचलित रूप बरेचसे विसाव्या शतकातले आहे. आपल्या योगवर्गांविषयीही हेच म्हणता येईल. युनेस्कोने मानवी अमूर्त वारशाच्या यादीत योगाचा समावेश २०१६ साली केला आणि ताई चीचा २०२० साली. दोन्ही देशांत पूर्वीची लाज पुढे अभिमानात बदलली, हे या नोंदींवरून दिसते.

एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. चीनमध्ये संक्षिप्त क्रम राज्यसंस्थेने घडविला व सार्वजनिक बागांत नेला. महाराष्ट्रात औंधसारखे संस्थान सोडले, तर हे काम प्रामुख्याने व्यक्तींनी व खाजगी संस्थांनी केले. त्यामुळे आपल्याकडील प्रसार शिक्षकाच्या तळमळीवर व गावाच्या स्थानावर अवलंबून राहिला. पुणे, मुंबई, लोणावळा, अमरावती, नागपूर येथे तो झाला. तेथून पुढे पूर्वेकडे तो क्षीण होत गेला.

लाभांविषयीचा पुरावा :

व्यायामाचे लाभ सांगताना प्रचाराचा सूर सहज लागतो. म्हणून पुराव्याकडे पाहणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तर व त्याहून अधिक वयाच्या दोनशे व्यक्तींवर झालेला व १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. पंधरा आठवडे ताई ची केलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कंपवाताच्या १९५ रुग्णांचा तोल चोवीस आठवड्यांच्या ताई चीने सुधारला. ऑस्ट्रेलियात दीर्घकालीन कंबरदुखीच्या १६० व्यक्तींवर केलेल्या, २०११ सालच्या प्रयोगात दहा आठवड्यांनंतर दुखण्याचा त्रास कमी झाल्याचे दिसून आले. एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश भार नेण्याने पायांचे बळ व तोल वाढतो आणि हालचालीवर लक्ष ठेवावे लागल्याने मनही तेथेच राहते. त्यामुळे हे लाभ समजण्यासारखे आहेत.

योगाच्या बाबतीत भारतातच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योगाधारित पुनर्वसनामुळे रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली व ते आपल्या नेहमीच्या कामाकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. परंतु पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक फरक दिसला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे स्वीकारला पाहिजे. व्यायाम म्हणजे औषध नव्हे. तो माणसाला आपल्या शरीरावरील विश्वास परत देतो, आणि हा लाभ लहान नाही. क्ष-किरणांसमोर नौली करून पाहणाऱ्या कुवलयानंदांचा दृष्टिकोनही असाच तपासून पाहण्याचा होता.

धानपट्ट्यातील शरीर :

या सर्व इतिहासात साकोली कोठे आहे? ब्रिटिश अमदानीत भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिलींपैकी साकोली ही एक होती. अमरावती व भंडारा हे दोन्ही जिल्हे तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. तरीही आखाड्यांच्या त्या चळवळीचे जे केंद्र अमरावतीत उभे राहिले, तसे तलावांच्या व धानाच्या या प्रदेशात उभे राहिले नाही. येथे शरीराचा कस बांधीतच लागत होता. चिखलणी, पऱ्हे काढणे, रोवणी, निंदण, कापणी आणि चुरणी ही कामे करणाऱ्याला ‘व्यायाम करा’ असे सांगणे ही थट्टाच ठरली असती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्याचा स्वतंत्र विचार केला, तो याच विदर्भातील खेडे डोळ्यांसमोर ठेवून. पण व्यायामशास्त्राच्या पुस्तकांतून हे खेडे जवळपास वगळलेलेच राहिले.

येथे एक वैयक्तिक निरीक्षण नोंदविण्याची मुभा घेतो. प्रस्तुत लेखकाच्या आईने तरुणपणापासून साठी ओलांडेपर्यंत प्रत्येक पावसाळ्यात रोवणी केली. घोट्याच्या वर चिखल, कंबरेतून वाकलेले शरीर आणि मागे मागे सरकणारी पावले, असे दिवसाचे आठ-आठ तास. आज तिला सरळ उभे राहून चालताना भिंतीचा आधार लागतो. दोन वर्षांपूर्वी ती अंगणात पडली. घरी आल्यावर मी तिला योगवर्गाबद्दल सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “आयुष्यभर वाकलोच ना बाबू, आता आणखी कायले वाकू?” हे वाक्य मला कोणत्याही ग्रंथातील विवेचनापेक्षा अधिक विचार करावयास लावणारे वाटले. तिचे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्याही चूक नव्हते. सूर्यनमस्कारातील वारंवार पुढे वाकणे तिच्यासाठी नव्हते. तिला हवा होता तो उभ्याने, सावकाश, तोल सावरीत करण्याचा व्यायाम. पण तिला हव्या असलेल्या व्यायामाचा विचार आपल्या परंपरेत कोणी केलेला नव्हता.

वस्तुतः परंपरेत तसा विचार करण्याची पद्धत उपलब्ध आहे. अय्यंगारांनी रुग्णासाठी खुर्ची आणली. यांग छंगफू यांनी उड्या वगळल्या. चीनमध्ये लांबलचक क्रम सहा मिनिटांवर आणला गेला. जनार्दनस्वामींनी शुल्क काढून टाकले. प्रत्येक वेळी आधी समोरचा माणूस बदलला आणि मग व्यायाम बदलला. श्रमाने झिजलेल्या शरीरासाठी तसा बदल अद्याप व्हावयाचा आहे. तो ताई चीच्या नावाने होतो की योगाच्या, हा प्रश्न दुय्यम आहे.

निष्कर्ष :

१. व्यायाम स्वीकारण्याची कारणे काळानुसार बदललेली आहेत. महाराष्ट्रात व चीनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रीय दुर्बलतेचे शल्य हे प्रमुख कारण होते. नंतर व्याधिनिवारण आणि त्यापुढे मनःशांती, उतारवयातील स्वावलंबन व सोबत ही कारणे पुढे आली.
२. हेतूबरोबर रूप बदलले. बळाच्या हेतूने संख्या आली, चिकित्सेच्या हेतूने स्थैर्य व साधने आली, तर स्वास्थ्याच्या हेतूने मंदगती आली.
३. प्राचीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यायामांची आजची रूपे बऱ्याच अंशी विसाव्या शतकात घडली आहेत. त्यामुळे त्यांत पुन्हा बदल करणे हा परंपरेचा भंग ठरत नाही.
४. तोल, पडण्यापासून बचाव व दीर्घकालीन वेदना यांबाबत ताई चीच्या लाभांना प्रायोगिक आधार आहे. मात्र कोणत्याही व्यायामाला सर्वरोगहारी मानणे योग्य नाही.
५. शेतमजूर, विशेषतः रोवणी करणाऱ्या स्त्रिया, या इतिहासाच्या बाहेर राहिल्या आहेत.

समारोप :

ग्रामीण महाविद्यालयांकडे क्रीडांगण असते, शारीरिक शिक्षणाचा विभाग असतो, राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असते आणि वर्षातून एकदा दत्तक गावातील शिबिरही असते. दरवर्षी २१ जून रोजी आपण आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा करतो. त्याच सुमारास परिसरातील शेतकरी पऱ्हे टाकण्याच्या लगबगीत असतो आणि थोड्याच दिवसांत रोवणीच्या बाया बांधीत उतरतात. मैदानावरील आपल्या रांगा आणि बांधीतील त्यांच्या रांगा यांत फार तर एक-दोन किलोमीटरचे अंतर असते. इतिहास, शारीरिक शिक्षण, गृहअर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन त्या स्त्रियांना आधी विचारावे की तुमचे काय दुखते, केव्हा दुखते आणि दिवसातील कोणती दहा मिनिटे तुमची आहेत. त्या उत्तरांवरून एखादा छोटा क्रम बसविता आला, तर ते या प्रदेशाच्या शारीरिक संस्कृतीतील नवे पान ठरेल. लोक व्यायाम का स्वीकारतात, या प्रश्नाचे उत्तर इतिहास देतो ते असे की, व्यायाम त्यांच्यासाठी घडविला गेला तेव्हाच त्यांनी तो स्वीकारला.